चुकामुकीची जागा

१

दोघी बहिणी कुठंही गेल्या, की ताईचं पहिलं काम ठरलेलं असे. बाजार असो, दवाखाना असो, नाहीतर कुणाच्या लग्नाचा हॉल असो, आत शिरायच्या आधी ती चारी बाजूंना नजर फिरवायची आणि बोट दाखवायची. "चुकलो तर इथं."

हा कायदा त्यांच्या आईचा. मुली लहान असताना एकदा बाजारात धाकटी हरवली, तिला शोधायला गेलेली ताई हरवली, आणि दोघींना शोधता शोधता आईच्या तोंडचं पाणी पळालं. घरी आल्यावर तिनं दोघींना समोर उभं केलं आणि एकदाच सांगितलं. जागा आधी ठरवायची. चुकामूक झाली की जी आधी पोचेल तिनं तिथं उभं राहायचं, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे कुणी परकं माणूस गोड बोलून घेऊन जाणार नाही. हाका मारायच्या नाहीत, हाकेला गर्दीतलं कुणीही वळतं. हलायचं नाही. आपलं माणूस येऊन खांद्यावर हात ठेवेल, तेव्हाच वळायचं.

आई जाऊन किती वर्षं झाली. दोघींचे केस पिकले, गुडघे बोलायला लागले, पण कायदा काही रद्द झाला नाही. ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, आणि निवृत्तीचं पत्र फक्त शाळेला मिळालं होतं, जगाला नव्हे. ती बोलायची आणि जग ऐकायचं. धाकटीचं कपडे शिवायचं दुकान होतं. तोंडात टाचण्या धरून काम करणाऱ्या बाईला फार बोलता येत नाही, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. ताई तास तास बोलायची आणि धाकटी मधून मधून "मग?" म्हणायची. ताईचे यजमान गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या. धाकटीनं लग्न केलं नव्हतं. ताईशिवाय तिला या जगात आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट तिला रोज एकदा तरी आठवायची.

ही सहल भाच्यानं, म्हणजे ताईच्या मुलानं दिलेली भेट. आठवडाभर जहाजावर राहायचं, चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेल्या त्या निळ्या समुद्रात फिरायचं, वाटेत एकेका जुन्या बंदरात उतरून किल्ले, कमानी, पडके खांब बघायचे आणि संध्याकाळी परत आपल्या खोलीत. धाकटीनं खास या सहलीसाठी एकाच ताग्यातून दोन ड्रेस शिवले होते, राखाडी रंगावर बारीक पांढरी पानं, रात्री धुवून वाळत टाकला की सकाळी तयार. बंदरात उतरताना दोघींनी तेच घालायचे, म्हणजे गर्दीत नजर लगेच पडेल. दोघी एका मापाच्या. फरक एवढाच, की ताईचा उजवा खांदा खाली झुकलेला होता. लहानपणी मोडलेलं हाड वाकडं जुळलं होतं. धाकटी तिच्या प्रत्येक कपड्याच्या उजव्या खांद्यात आतून एक जास्तीचं पॅड बसवायची. वरून ड्रेस सरळ दिसायचा. आत काय आहे ते त्या दोघींनाच माहीत.

२

पहिल्या बंदरात चौकाच्या मधोमध एक कोरडं कारंजं होतं. दगडी सिंहाच्या तोंडातून पाणी यायचं कधीकाळी, आता त्यात कबुतरं बसली होती. ताईनं सिंहाकडे बोट दाखवलं. "चुकलो तर इथं. सिंहाच्या मागच्या भिंतीला." मग ती पिवळी छत्री घेतलेल्या गाईडबाईच्या मागोमाग निघाली आणि चालता चालता तिलाच त्या शहराबद्दल सांगू लागली.

धाकटी एका गल्लीत अडकली. तिथं एका म्हातारीनं दाराशी हातानं विणलेली लेस मांडली होती, आणि लेस दिसली की धाकटीचे पाय जमिनीला चिकटतात. ती टाका बघत राहिली. मान वर केली तेव्हा छत्री कुठंच नव्हती. दुरून बसचा हॉर्न ऐकू आला. गाईडबाईनं सकाळीच बजावलं होतं, बस कुणासाठी थांबणार नाही, आणि जहाज तर मुळीच नाही.

धाकटी पळतच सुटली. गल्लीच्या तोंडाशी माणसांची ही गर्दी. त्यात तिला राखाडी कापड दिसलं, पांढरी पानं दिसली, मागच्या शिवणीवर तिनंच घातलेली दुहेरी टीप दिसली. जिवात जीव आला. तिनं पुढं होऊन खांद्यावर हात ठेवला. "चल, बस सुटेल."

ती वळली आणि निमूट बरोबर आली. दोघी धापा टाकत बसमध्ये चढल्या, बस हलली. खिडकीतून चौक मागे पडताना दिसला. कारंज्याकडे बघायचं धाकटीला सुचलंही नाही. कशाला सुचेल? ताई तर शेजारी बसली होती.

३

दुपारी खोलीत ताई आरशासमोर उभी होती आणि धाकटी पलंगावर पाय चोळत बसली होती. खोली लहान, पण नेटकी. गोल खिडकी, दोन पलंग, मधे एक टेबल. धाकटीची नजर सवयीनं ड्रेसवर गेली आणि तिथंच थांबली. उजवा खांदा वर आला होता. ताईनं कुणाला तरी "मला काय त्याचं" म्हणून खांदा उडवावा आणि तो तसाच राहावा, असं काहीसं दिसत होतं.

घामानं पॅड फुगलं असेल, तिनं मनात म्हटलं. समुद्राची हवा दमट, कापूस पाणी धरतो. तिनं जवळ जाऊन शिवण चाचपली. पॅड कोरडं होतं.

मग तिनं लेसवाल्या म्हातारीची गोष्ट सांगायला घेतली, काहीतरी बोलायचं म्हणून. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की ती बराच वेळ बोलते आहे आणि तिला कुणी तोडलेलं नाही. एरवी तिचं तिसरं वाक्य ताईनं पुरं केलेलं असतं, तेही चुकीचं. आज ताई पलंगाच्या काठावर हात मांडीत घेऊन बसली होती आणि ऐकत होती.

"मग?" ताई म्हणाली.

धाकटीला हसू आलं. हवापालट मानवला म्हणायचा. जेवायच्या टेबलावर त्यांच्याबरोबर एक दाताचे डॉक्टर असत, एकटेच फिरणारे, गप्पांचे भुकेले. आदल्या संध्याकाळी ताईनं त्यांना त्यांच्याच धंद्यातल्या चार गोष्टी शिकवल्या होत्या. आज ते बोलत राहिले आणि ताई ऐकत राहिली. उठताना त्यांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या बहिणीसारखं ऐकून घेणारं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नाही. भाच्याचा फोन आला तर तोही खूश. आई एवढी शांत कधीपासून झाली, म्हणून मावशीलाच विचारू लागला. सगळ्यांना आनंदच झाला होता. धाकटीलाही व्हायला हरकत नव्हती.

४

दुसऱ्या बंदरात उतरताना ताईनं जागा ठरवली नाही.

धाकटी वाट बघत होती. धक्का ओलांडून झाला, रस्ता सुरू झाला, शहराच्या जुन्या वेशीची मोठी कमान आली. ताई शेजारून मुकाट चालत होती. पॅडचा तो खांदा उन्हात आणखीच उंच दिसत होता. शेवटी धाकटीनंच म्हटलं, "चुकलो तर या कमानीखाली हं." आपलाच आवाज तिला परका वाटला, कारण हे वाक्य तिनं आयुष्यात कधी उच्चारलंच नव्हतं. ते ताईचं वाक्य होतं.

ताईनं मान हलवली.

दिवसभर धाकटीनं तिचा हात सोडला नाही. परतताना बस त्याच कमानीखालून निघाली. आत सावली होती. भिंतीला लागून, भिंतीकडे तोंड करून एक बाई उभी होती. राखाडी ड्रेस, पांढरी पानं.

बस क्षणभरही थांबली नाही, पण शिवणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. ड्रेस बसला होता. दोन्ही खांदे एका रेषेत, पाठीवर एक चुणी नाही. असा बसलेला कपडा बघून एरवी धाकटीला मनातून फार बरं वाटलं असतं. आत्ता वाटलं नाही.

तिनं मान वळवली. ताई शेजारी होती, तिचा हात धाकटीच्याच हातात होता. धाकटी स्वतःला समजावू लागली. कापड काही तिनं विणलेलं नव्हतं, दुकानातून आणलेलं होतं. तसा तागा जगात हजार जणींनी घेतला असेल. उन्हात चालून दमलेली एखादी बाई सावलीत उभी राहील नाहीतर काय करील? भिंतीकडे तोंड का, एवढं मात्र तिला कुठं बसवता येईना. तो धागा सारखा वर येत राहिला.

"काय झालं?" असं ताईनं विचारलं नाही. ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि थांबून राहिली, धाकटी काही सांगेल म्हणून.

५

जहाजावर एका लांब बोळात फोटो लावलेले असत. दर बंदराला उतरताना जहाजाचा फोटोवाला प्रवाशांना हसायला लावून टिपायचा आणि नंतर भिंतीवर टांगायचा. दुसऱ्या दिवशी जहाज समुद्रातच होतं, कुठं उतरायचं नव्हतं. धाकटी आपला फोटो शोधत गेली.

पहिल्या बंदराचा फोटो सापडला. दोघी जहाजाच्या जिन्यावर, ताईचं तोंड अर्धवट उघडं, कारण ती फोटोवाल्याला फोटो कसा काढावा ते सांगत होती. दोन्ही खांदे सरळ. दुसऱ्या बंदराचा फोटो शेजारीच होता. तोच जिना, तेच ऊन. ताई मंद हसत होती आणि उजवा खांदा कानाकडे चढलेला.

म्हणजे खांदा झुकलेला राहिला नव्हता. पॅड तेच होतं, त्याच्या खालचं अंग सरळ झालं होतं. वाकडं जुळलेलं हाड एका दुपारीत सरळ होत नाही. एवढं कळायला धाकटीला डॉक्टर नको होता. दोन फोटोंच्या मधे ती पुष्कळ वेळ उभी राहिली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते.

मग ती खोलीत गेली आणि तिनं जे केलं त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिनं ताईला ड्रेस उतरवायला सांगितला, छोटी कात्री काढली, उजव्या खांद्याची शिवण उसवली, पॅड बाहेर काढलं आणि शिवण पुन्हा मारली. टाके नेहमीसारखेच एका मापाचे पडले. कपडा नीट बसला, की सगळं नीट बसेल, असं काहीसं तिच्या मनात होतं. वेडी आशा, पण आशाच ती.

ताईनं ड्रेस घातला. आता तो तिच्या अंगावर एखाद्या साच्यातून काढल्यासारखा बसला. तिनं आरशात पाहिलं, मग धाकटीच्या टांगलेल्या ड्रेसकडे पाहिलं, मग पुन्हा आरशात. दोन्ही ड्रेसमध्ये आता काडीचा फरक उरला नव्हता.

काढलेलं पॅड धाकटीनं पर्समध्ये ठेवलं. टाकवलं नाही.

६

तिसऱ्या बंदरात धाकटीनं तोंडातून शब्द काढला नाही. किल्ल्याच्या पायऱ्या चढताना तिची नजर तटाच्या एका कोपऱ्यावर गेली. तिथं भिंत आत वळली होती आणि दगडात गवत उगवलं होतं. इथं, एवढंच तिच्या मनात आलं. सवयच ती. कुणाला सांगितलं नाही, बोट दाखवलं नाही, ओठही हलवले नाहीत.

परत उतरताना त्या कोपऱ्यात ती उभी होती.

या वेळी मधे बस नव्हती, काच नव्हती. चार पावलं टाकली असती तर हात पोचला असता. केसांचा अंबाडा सुटत आलेला, मानेवर ऊन लागून कातडी लाल झालेली, चपलांवर धूळ. आणि दोन्ही पायांवरचा भार आलटून पालटून बदलत ती उभी होती, ताई गुडघा दुखला की करते तसा. ती बिचारी कायदा पाळत होती. पहिल्या दिवसापासून पाळत होती. कारंज्याच्या भिंतीला जाऊन उभी राहिली असेल, खांद्यावर हात पडायची वाट बघितली असेल, आणि धाकटीनं तो हात गर्दीत भलतीच्याच खांद्यावर ठेवला होता. कापड ओळखलं होतं. तोंड बघितलंच नव्हतं.

धाकटीला राहवेना. ती पुढं झाली, आणि तिच्या मनगटाभोवती बोटं आवळली गेली. फार जोरात नाही. लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात तेवढीच.

"मग?" शेजारची म्हणाली.

आवाज ताईचा होता. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. पुढं काय, ते ऐकायची उत्सुकता तेवढी होती. धाकटी तिच्याबरोबर पायऱ्या उतरली. तिला स्वतःची अशी लाज वाटली, की बसमध्ये तिनं डोळे मिटून घेतले ते जहाज येईपर्यंत उघडले नाहीत.

आता एकच बंदर उरलं होतं. त्यानंतर जहाज थेट निघाल्या जागी परतणार, तिथून विमान, आणि विमानातून उतरलं की घर. मग ताई इकडंच राहणार. कुठल्या तरी भिंतीकडे तोंड करून उभी राहणार, कारण तिला आईनं तसं सांगितलं होतं, आणि कारण धाकटी येणार याची तिला खात्री होती. ताईला स्वतःच्या प्रत्येक गोष्टीची खात्रीच असायची. त्या विचारानं धाकटीला रडूही आलं आणि जहाजाच्या कठड्याला धरून एकदा खुदकन हसूही आलं.

७

शेवटच्या बंदरात जहाज अगदी शहराला चिकटून लागलं. धाकटी सकाळी एकटीच डेकवर गेली आणि तिनं वरून जागा निवडली. धक्क्याला लागूनच मिठाचं जुनं गोदाम होतं, लांबलचक, बिनखिडक्यांची पांढरी भिंत. जिन्यापासून हाकेच्या अंतरावर. इथं, ती मनात म्हणाली, आणि या वेळी सगळं बळ लावून म्हणाली.

प्रश्न कार्डांचा होता. प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड असे. उतरताना आणि चढताना ते दारावरच्या मशीनला दाखवायचं, मशीन टिंग करायचं, आणि कार्डाशिवाय आत पाऊल ठेवता येत नसे. दोघींची कार्डं पहिल्यापासून धाकटीच्याच पर्समध्ये असत. तिनं पुष्कळ विचार केला. ताईचं कार्ड ताईसाठी राहायला हवं होतं. आणि या शेजारणीला काहीतरी देऊन वाटेला लावायला हवं होतं, नाहीतर ती मनगट सोडणार नव्हती. आपलं काय, आपल्याला तोंड आहे, फोटो आहे, खोलीत पासपोर्ट आहे. कार्ड हरवलं म्हणून सांगता येईल.

उतरल्यावर तिनं शेजारणीला शहर दाखवणाऱ्या बसमध्ये बसवलं आणि आपलं स्वतःचं कार्ड तिच्या गळ्यात अडकवलं. डोकं चढलंय, मी इथंच थांबते, तू फिरून ये आणि सरळ वर जा, असं सांगितलं. तिनं गळ्यातलं कार्ड उचलून त्याच्यावरचा धाकटीचा फोटो नीट पाहून घेतला. मग मान हलवली. बस गेली.

गोदामाच्या भिंतीला कुणी नव्हतं. समोरच्या बाकावर धाकटी बसून राहिली. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. दोऱ्यांची वेटोळी, समुद्रपक्ष्यांचा कलकलाट, मधूनच जहाजाच्या पोटातून येणारी घरघर. आपण वेड्या तर झालो नाही ना, असं तिला वाटू लागलं. चांगली सुधारलेली, शांत झालेली बहीण आपण परक्या शहरात बसमध्ये घालून दिली. एका पॅडपायी. तिनं पर्स उघडून ते हातात घेतलं. कापसात अजून ताईच्या खांद्याचा खळगा होता.

दुपार कलली तशा बस परत येऊ लागल्या. माणसांचा लोंढा जिन्याकडे निघाला. धाकटीनं घटकाभर तिकडे पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडे नजर वळवली तेव्हा ती तिथं होती.

धाकटी धावली.  तिनं हात उचलला, उजव्या खांद्यावर ठेवला. कापडाखाली पॅड होतं, आणि पॅडच्या खाली ओळखीचा उतार.

ताई वळली. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, नाकाचं कातडं सोललेलं.

"काय गं धाकटे, केवढा उशीर?" ती म्हणाली. "माझे पाय मोडायची वेळ आली. आणि ही भिंत बघ, चुना किती वाईट मारलाय, मी इथं उभं राहून तेवढंच बघतेय..."

धाकटीनं तिला मिठी मारली आणि भर धक्क्यावर हुंदके देऊन रडली. ताई बोलतच होती.

८

जहाजाचा भोंगा एकदा वाजला. धाकटीनं ताईच्या हातात तिचं कार्ड दिलं आणि दोघी गर्दीत शिरल्या. ताई पुढं, धाकटी मागं. ताई मागं न बघता बोलत होती, तिची सवयच तशी, ऐकणारी मागं आहे हे ती गृहीत धरायची. दारावर मशीन टिंग झालं. ताई आत गेली.

धाकटीनं दारावरच्या माणसाला सांगितलं, कार्ड हरवलं. तो सभ्य होता. त्यानं खोलीचा क्रमांक विचारला, बटणं दाबली, पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पडदा तिच्याकडे फिरवला. तिचाच फोटो होता. खाली हिरवी खूण.

"या बाई मघाशीच आत गेल्या," तो म्हणाला. "मीच पाहिलं त्यांना. काहीतरी घोटाळा दिसतोय. तुम्ही जरा त्या भिंतीपाशी सावलीत थांबा, मी विचारून येतो."

त्याच्या खांद्यावरून धाकटीला आतला बोळ दिसत होता. लिफ्टच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून एक बाई उभी होती. राखाडी ड्रेस, पांढरी पानं, खांदे सरळ. ड्रेस सुंदर बसला होता. ताईनं मागं वळून पाहिलं, पण दारावरच्या माणसाच्या आड तिला धाकटी दिसली नाही. तिनं समोर पाहिलं, आणि तिचा चेहरा निवळला.

"अगं, तू इथं पोचलीस होय आधी?" असं म्हणून तिनं त्या खांद्यावर हात ठेवला.

धाकटीनं हाक मारली. जन्मात पहिल्यांदा कायदा मोडून, घसा फाटेपर्यंत मारली. रांगेतल्या कितीतरी बायका वळल्या. ताई वळली नाही. हाकेला वळायचं नसतं, हे तिला आईनं शिकवलं होतं.

ती दुसरी तेवढी वळली. धाकटीला चेहऱ्याची एकच कड दिसली, रोज सकाळी आरशात दिसते ती. ताई पुन्हा बोलायला लागली होती, चुन्याबद्दल, भिंतीबद्दल, पायांबद्दल. लिफ्टचं दार मिटता मिटता धाकटीनं ते ऐकलं.

"मग?"

ताईला कळेल, धाकटी स्वतःशी म्हणाली. मला कळलं, तसं तिलाही कळेल. मला कशावरून कळलं? ताई ऐकायला लागली, त्यावरून. मग तिच्या लक्षात आलं, की ताईला असं कळण्यासारखं काहीच नाही. आयुष्यभर धाकटीनं ताईशी बोलताना ऐकण्यावाचून दुसरं काही केलंच नव्हतं.

दारावरचा माणूस परत आला नाही. जिना वर ओढून घेतला गेला. भोंगा पुन्हा वाजला तेव्हा धाकटी गोदामापाशी पोचली होती. चुना खरंच वाईट मारलेला होता, फटकारे वेडेवाकडे, मधे मधे पोपडे. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागं पाण्याचा आवाज मोठा झाला, मग हळूहळू लांब गेला. तिनं मान वळवली नाही. जागा सोडली तर चुकामूक होते. ताई येईल, आणि तिचा हात खांद्यावर पडेपर्यंत वळायचं नाही, एवढं तिला पाठ होतं.